आमच्या लाँड्रीला साहेब मिळाले

तीर्थरूप आत्या,

नमस्कार. (साष्टांगच घालायचा होता, पण लाँड्रीच्या काउंटरमागे तेवढी जागा नाही हे तुला माहीत आहे.) तुझी तब्येत कशी आहे? आमच्याकडे सगळे ठणठणीत. फक्त बाबांना या वयात साहेब मिळाल्यामुळे घरातली शांतता गेली आहे. ते सगळं पुढे येतंच.

मला एमबीएला प्रवेश हवाय, हे आईनं फोनवर सांगितलं असेलच. अडचण बी.कॉम.च्या गुणांची. ते इतके बेताचे आहेत, की कोणी गुणपत्रिका मागितली की मी आधी पाण्याचा ग्लास पुढे करते. प्रवेशाचं मार्गदर्शन करणाऱ्या बाई मात्र डगमगल्या नाहीत. म्हणाल्या, जुने गुण बदलत नाहीत, त्यांच्या शेजारी काहीतरी चांगलं नेऊन उभं करायचं. म्हणून मी संख्याशास्त्राचा कोर्स नव्यानं केला आणि चक्क पहिल्या श्रेणीत आले (आईनं वरचं नाव माझंच आहे ना, हे चष्मा लावून पाहिलं). मग कमी गुणांचं कारण दोन ओळींत, सबबी न सांगता लिहायचं होतं. आई म्हणाली, "डोळे आले होते, असं लिही." मी म्हटलं, "तीन वर्षं?" तर म्हणाली, "आधी उजवा, मग डावा." मी शेवटी खरं तेच लिहिलं, की नुसती घोकंपट्टी केली होती. बाबांना ते फारच खरं वाटलं.

राहिलं शिफारसपत्र. ते आपलं काम पाहिलेल्या वरिष्ठांचं हवं, आणि वरिष्ठ नातेवाईक नकोत. आता कपड्यांना खुणेच्या चिठ्ठ्या लावण्यापासून मी सगळं शिकले ते बाबांच्याच हाताखाली! बाबांनी चहा संपेपर्यंत विचार केला आणि इस्त्रीवाल्या काकांना दुकानाचे व्यवस्थापक नेमलं. अगदी खरोखरचे, कारण नावापुरते नेमलेले मला चालले नसते. मीही त्यांना काका म्हणणं सोडलं (न जाणो, कोणी नातं धरलं तर!) आणि साहेब म्हणू लागले. ते दिवसभर रुसून बसले. "मी काय केलं गं, पोरी?"

पण मग त्यांनी साहेबपण मनावर घेतलं. बाबांना काउंटरवर चहा प्यायला बंदी. गिऱ्हाइकाला डाग कसा पडला हे खोदून विचारायला बंदी. उशीर झाला की, "शेठ, घड्याळ बघा." बाबा घरी येऊन साहेबांच्या तक्रारी करतात, आणि आई त्यांना वाढता वाढता म्हणते, नोकरी म्हटली की ऐकून घ्यावं लागतं.

मी धीर करून पत्राचं विचारलं. साहेब म्हणाले, "जे दिसेल ते लिहीन. पण तू दिसतेस कुठे? पावती करायला घेतलीस की शेठ पेन ओढतात. डाग बघायला वाकलीस की मध्ये शेठचं डोकं." पंधरा दिवस एकटीनं काउंटर सांभाळून दाखव, मग लिहितो, असं त्यांचं म्हणणं. अर्जाची मुदत महिनाअखेरीस संपते, आणि पत्राशिवाय अर्ज घेतच नाहीत. आणि बाबा तर तुझ्या लग्नातही पाहुण्यांच्या कोटांच्या कॉलरी उलटून बघत होते म्हणे. त्यांना दुकानातून हलवायचं कसं? असो. काळजी करू नकोस, माझी मी करतेच आहे.

काकांना नमस्कार (तुझ्या घरच्या, खऱ्या).

तुझी भाची

ता. क. : बाबांना एक फोन कर ना. नुसतं ये म्हटलंस तर येणार नाहीत, आणि आजारी आहेस असं सांगणं खोटं होईल. एवढंच सांग, की तू नवी इस्त्री घेतलीस आणि यापुढे पडदे, कोट सगळं घरीच करणार आहेस. पहिल्या गाडीनं येतील.

ता. क. २ : मात्र आधी इस्त्री खरंच विकत घे आणि मगच फोन कर, नाहीतर अर्जावर सही करताना माझा हात अडेल. घेशील ती जरा कमअस्सलच घे. चांगली निघाली तर बाबा दोन दिवसांत परत येतील.