भीतीचा खर्च

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. दचकायचं काम सध्या माझ्याकडे आहे. मी एप्रिलमध्ये प्रवासाला निघते आहे. एकटी, पाठीवर पिशवी टाकून, चार महिने. बघ, लिहिलं एकदाचं.

चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागून मला नऊ वर्षं झाली. मालक म्हणाले, चार महिने तुझी जागा राखतो, पाचव्याचं सांगत नाही. या नऊ वर्षांत मी तुझ्याकडे येणाऱ्या बसशिवाय कुठल्याच लांबच्या गाडीत बसलेली नाही. तू म्हणशील, कुत्रं भुंकलं तरी रस्ता बदलणाऱ्या पोरीला ही कुठली अवदसा आठवली? आत्या, मला माझ्या भीतीचा कंटाळा आला आहे. एकतीस वर्षं घरात तीच ती. एकदा तिला बाहेर नेऊन बघते.

पैसे साठले आहेत, पण पुरतील का ते कळत नाही. तिकिटं, राहणं, जेवण, परवाने, औषधं असे खर्च नीट मांडले होते. पण रोज अंथरुणावर पडलं की एक नवीन संकट सुचतं आणि सकाळी उठून मी त्याच्यासाठी पैसे बाजूला काढते. दात दुखला तर? बूट चोरीला गेले तर? बस चुकली तर? काल बेरीज केली. माझ्या 'तर'चा खर्च जेवणाच्या दुप्पट झाला आहे आणि चार महिन्यांचा प्रवास सात आठवड्यांवर आला आहे.

बाबा काही बोलत नाहीत. फक्त पाण्याचे मीटर तपासून घरी आले की जेवताना वर्तमानपत्रातल्या लूटमारीच्या बातम्या मोठ्यानं वाचतात. आयुष्यात त्यांनी कधी कुणाला काही वाचून दाखवलं नव्हतं.

हिशेब सोबत जोडला आहे. प्रवास करून आलेल्या लोकांच्या बॅगा तुझ्या दुकानात दुरुस्तीला येतात, म्हणजे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. जिथं छाटायचं तिथं छाट. मात्र 'जाऊ नकोस' म्हणू नकोस. तू म्हणालीस तर मी खरंच जाणार नाही.

तुझी,
बारकी


११ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा हिशेब वाचला. त्याला हिशेब म्हणायचं की भुताखेतांची शिरगणती? भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो हे ऐकलं होतं. तू त्याला रोजचा भत्तासुद्धा लावून दिलास.

आता नीट ऐक. परतीच्या तिकिटाचे पैसे आधी वेगळे काढ. पिशवीच्या पाठीकडच्या गादीत मी ते शिवून देते. ते नाहीतच असं समजायचं. दुखण्याखुपण्याला एकच रक्कम ठेव, दात, ताप, पाय सगळ्यांना मिळून. सगळे अवयव काही संप केल्यासारखे एकदम बंद पडत नाहीत. बंदराचं शहर महाग आहे, तिथं चारच दिवस राहा. डोंगराकडची गावं स्वस्त, तिथं महिना काढ. आणि हिशेब रोज करू नकोस, आठवड्यानं कर. नाहीतर सोमवारी चार पैसे जास्त गेले म्हणून मंगळवारी तू उपाशी झोपशील. मी तुला ओळखते.

तुझे सगळे 'तर' मी खोडले आणि त्यांच्या जागी एकच खर्च घातला. त्याचं नाव भीती. दिवसाला एका जेवणाइतके पैसे. अंधारायला लागलं आणि मुक्काम लांब असला तर चालू नकोस, गाडी कर. सगळ्यांच्या मिळून असलेल्या मोठ्या खोलीत कुणाची नजर आवडली नाही तर वेगळी खोली घे, कारणं देत बसू नकोस. भीती वाटली की पैसे काढायचे, शहाणपण नंतर.

पिशवी माझ्याकडे पाठव. चेन बदलून देते, सगळ्यात आधी तीच जाते. भरून एकदा जिना चढून बघ, नाकापेक्षा मोती जड व्हायला नको. मी स्वतः कुठं गेले नाही, हे तुला ठाऊकच आहे. बॅगांच्या तळाला परक्या किनाऱ्यांची वाळू निघते, ती मी दाराबाहेर झटकून टाकते. एवढाच माझा प्रवास.

जाऊ नकोस असं म्हणणार नाही. दादाला मात्र वर्तमानपत्र बंद करायला सांग.

तुझं भलं चिंतणारी,
आत्या


६ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

निघून पाच आठवडे झाले आणि मी अजून जिवंत आहे. पहिला आठवडा बूट घालून झोपले, कोण जाणे कधी पळावं लागेल! आता बूट उशाशी ठेवते, एवढी सुधारणा आहे.

हे विटांच्या कारखान्यांचं शहर आहे, सगळ्या खिडक्यांवर तांबडी धूळ. सहा खाटांच्या खोलीत राहते. स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून, म्हणून अंडी उकडते आणि दुकान बंद व्हायच्या वेळी अर्ध्या किमतीत मिळणारा पाव आणते. शेजारच्या खाटेवरची बाई झोपेत मोजते. कशाची मोजणी चालते कळत नाही, पण कालपासून मीही तिच्याबरोबर मोजत झोपी जाते.

आणि खरी बातमी ही, की भीतीच्या खर्चातला एक पैसाही मी खर्च केलेला नाही! भीती वाटत नाही असं नाही, रोज वाटते. बसस्थानकावर वाटते, जिन्यात वाटते, परक्या पाट्या वाचताना वाटते. पण दर वेळी मी मनाला दटावते, की आत्तापर्यंत काय झालं का? मग पोटातला गोळा तसाच घेऊन चालत जाते आणि पैसे वाचतात. एवढ्या शिलकीत डोंगरात आणखी दोन आठवडे निघतील. तुझी भित्री भाची आता दमडी दमडी जोडणारी झाली. भाची की पुतणी? बघ, तुझी मी नक्की कोण हेही एकटेपणात विसरायला झालंय!

पुढचं पत्र बंदराच्या टपाल कचेरीत पाठव, 'येईपर्यंत ठेवावे' असं वर लिहून.

बाबांना सांग, इथं अजून कुणी लुटलं नाही.

तुझी,
बारकी


१५ मे

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

आधी हे सांगते, की तू दादाची मुलगी आणि मी दादाची बहीण, म्हणून तू माझी भाचीच. विसरायला झालं म्हणतेस ते एकटेपणानं नव्हे, अर्धपोटी राहण्यानं. पोटभर जेव.

दुसरं, मला तुझ्या शिलकीचा जराही आनंद झालेला नाही. तुला ते पैसे जोडायला दिले नव्हते. पोटात गोळा असताना चालत जाणं याला मी धीर म्हणत नाही, कंजूसपणा म्हणते. अगं, दहा वेळा काही झालं नाही म्हणून अकराव्या वेळी होत नाही असं कुणी सांगितलं?

तुझं पत्र आल्यापासून माझं शिवणीत लक्ष नाही. काल एका गिऱ्हाइकाच्या बॅगेला पट्टा उलटा बसवला. बंदरावर उतरलीस की गाडी कर. उजेड असला तरी कर. हा आत्याचा हुकूम समज.

काळजीत असलेली,
आत्या


२९ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा हुकूम मला मिळाला, पण एक दिवस उशिरा.

आदल्या दिवशी संध्याकाळी बंदरावर उतरले. बस दोन तास उशिरा आली. मुक्काम वीस मिनिटांवर होता. गाडीवाल्यानं सांगितलेले पैसे ऐकले आणि मनात म्हटलं, एवढ्यात तर तीन दिवसांचा पाव येईल. चालत निघाले.

गोदामांच्या रस्त्यावर माझ्या मागे एक माणूस चालतोय हे लक्षात आलं. मी हळू झाले, तो हळू झाला. मी पट्टा सारखा करायला थांबले, तो भिंतीला टेकून उभा राहिला. पळावं म्हटलं तर पाठीवर एवढं ओझं. ओरडावं तर आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. आत्या, माझी पाचावर धारण बसली. पायांखालचा रस्ता मला दिसतच नव्हता.

एका धोबिणीचं दुकान उघडं होतं, त्यात शिरले. तिला माझी भाषा येत नव्हती. तिनं माझं तोंड पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं, आणि शटर अर्ध्यावर ओढलं. मला घडी केलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसवलं आणि स्वतः इस्त्री हातात घेऊन दाराशी उभी राहिली. शटरखालून त्याचे बूट दिसत होते. खूप वेळ दिसत होते. मग दिसेनासे झाले. तिचा नवरा मला मुक्कामापर्यंत सोडून गेला.

म्हणजे काहीच झालं नाही. माझ्या अंगाला कुणी बोट लावलं नाही, एक पैसा गेला नाही. तरी त्या दिवसापासून मला बाहेर पडता येत नाही. वेगळी खोली घेतली आहे, आतून कडी लागते. दुसऱ्या दिवशी घरमालकीण बरोबर आली म्हणून टपाल कचेरीपर्यंत गेले आणि तुझं पत्र आणलं, तेवढंच. जेवण तीच वर आणून देते, त्याचे जास्तीचे पैसे घेते. सात आठवडे वाचवलेली भीतीची शिल्लक आता भराभरा चालली आहे. जिन्यात बूट वाजले की मी श्वास धरून बसते.

आत्या, परतीचे पैसे अजून तू शिवलेस तिथंच आहेत. शिवण उसवायला कात्री हातात घेतली होती. तू नुसतं 'ये' लिही, मी येते. दुसरं काही लिहू नकोस, समजावू नकोस. तार करू नकोस, तार बघूनच मला धडकी भरेल. उत्तर यायला पंधरा दिवस लागले तरी चालतील, मी या खोलीत थांबते. बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस.

तुझी,
बारकी


१९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळताच निघून ये. बारकीनं तुला सांगू नकोस म्हटलं होतं, पण आता मला हे एकटीला पेलत नाही.

बंदराच्या गावात कुणीतरी तिचा पाठलाग केला. तिला इजा झाली नाही, हे आधी वाच आणि मग पुढचं वाच. ती घाबरून खोलीत बसून होती. मला लिहिलं, की नुसतं 'ये' लिही, मी परत येते. दादा, मी त्याच दिवशी 'ये' लिहिलं आणि पाकीट टपालात टाकलं. दुसरा विचार मनात आला नाही.

ते पाकीट आज परत आलं. घरमालकिणीनं वर लिहिलंय, की पोरगी ४ तारखेलाच खोली सोडून गेली, कुठं ते सांगितलं नाही. म्हणजे माझं पत्र पोचायच्या आधीच. जी मुलगी जिन्यात बूट वाजले तर श्वास धरते, ती कुठं गेली? घरी निघाली असती तर एव्हाना पोचली असती. कोण घेऊन गेलं तिला? मी दुकान बंद करून बसले आहे. पोस्टमन दाराशी आला की मला उठवत नाही, आणि पुढे गेला की बसवत नाही. तिला जाऊ नकोस म्हणायचं माझ्या हातात होतं. तिनं तसं लिहूनही दिलं होतं.

तू ये.

तुझी,
धाकटी


११ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी डोंगरात आले आहे. इथून टपाल आठवड्यातून एकदाच खाली जातं आणि पूल दुरुस्तीला काढला आहे, तेव्हा हे तुला कधी मिळेल सांगता येत नाही. बंदरावरून निघताना चार ओळी टाकायला हव्या होत्या. हातच चालला नाही.

काय झालं ते सांगते. तुला पत्र टाकलं आणि मी उत्तराची वाट बघत पडून राहिले. पडल्या पडल्या तुझं उत्तर मनात वाचत होते. पहिल्या दिवशी त्यात तू 'ये' लिहिलेलं असायचं. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, छे, ही बाई 'ये' म्हणणारी नव्हे. ही लिहिणार, बारके, भाडं भरून भिंती बघायला गेलीस का? हे लिहिणार, की पिशवीची चेन मी चार महिने टिकेल अशी बसवली आहे. मला तुझं अक्षरसुद्धा दिसत होतं. मग म्हटलं, उत्तर ठाऊकच आहे तर भाडं कशाला भरत बसू?

उरलेल्या भीतीच्या पैशांतून भर दुपारी दारात गाडी बोलावली. तीत बसेपर्यंत मला दोनदा उलटी झाली. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची जागा घेतली आणि सहा तास मागे वळून पाहिलं नाही. भीती गेली म्हणशील तर नाही. अंधार पडला की कडी दोनदा बघते. एकटा पुरुष मागे आला की अजून घाम फुटतो. पण सकाळी बाहेर पडते. आज शेतांच्या बांधावरून जवळच्या गावापर्यंत गेले आणि परत आले.

हे सगळं तुझ्या जोरावर, आत्या. तू 'ये' म्हटलं नाहीस म्हणून मी इथवर आले.

तुझी,
बारकी


२८ जून

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं ११ तारखेचं पत्र काल मिळालं. दादा इथंच आहे. गेले काही दिवस आम्ही दोघं दुकानात समोरासमोर बसून होतो, चहा करायचा आणि गार करून ओतून द्यायचा. पत्र त्यानं फोडलं, कारण माझ्यानं फोडवेना. पहिली ओळ वाचून तो मोरीत गेला आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिला. मी इथं रडले, लपवत नाही. मग तुझा राग आला. पुन्हा न सांगता गाव सोडलंस तर मी स्वतः येऊन तुझे कान पिळीन.

आता जे लिहायचं ते लिहिते. दादा म्हणाला, नको लिहूस, पोरीला जे वाटतंय ते वाटू दे, तुझं काय जातं? रात्रभर मीही तसंच म्हणत होते. एवढा मान आयता मिळतोय, कोण नको म्हणेल?

बारके, मी 'ये' लिहिलं होतं. तू सांगितलंस तसा एकच शब्द, खाली सहीसुद्धा केली नाही. तुझं पत्र वाचून संपलं तेव्हा पाकीट चिकटवूनही झालं होतं. ते पोचायच्या आत तू निघून गेलीस, म्हणून परत आलं. माझ्या अक्षरात तू जे वाचलंस ते मी लिहिलेलं नव्हतं. मला ते सुचलंही नव्हतं. तुझ्याहून मी जास्त घाबरले होते, आणि आजही घाबरलेलीच आहे.

म्हणून सांगते. पुढं कुठं पुन्हा जीव मुठीत धरायची वेळ आली तर गाडी कर, खोली घे, माणसांत जाऊन बस. पण राहू की येऊ, हे मला विचारू नकोस. मी दर वेळी 'ये'च लिहीन.

लोभ इथं उतू चालला आहे, तिकडून थोडा येऊ दे.

तुझी,
आत्या