आतल्या पट्ट्याची डांगरी

२ मार्च, सोमवार
सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. मामाच्या कारखान्यातलं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे, म्हणजे खरं तर अकरा वाजून तीन. अशा बाबतीत अचूकपणा हवा.

ती आत आली आणि खांद्यावरचा सेफ्टीच्या पट्ट्यांचा गुंता तिनं काउंटरवर आदळला. उंच इमारतींच्या काचा धुणाऱ्या टोळीची मुकादम आहे. विसाव्या मजल्यावर दोराला लटकून काम करते. म्हणाली, हे घालायला दहा मिनिटं, काढायला दहा मिनिटं, शिवाय जागोजागी अडकतं. माणसं वैतागतात, पट्टा कठड्याला टांगून ठेवतात आणि तशीच उतरतात. मागच्या महिन्यात एक जण तसाच घसरला. पायावर निभावलं म्हणून बरं. तुम्ही कामगारांचे कपडे शिवता ना, मग पट्टा डांगरीच्या आतच बसवून द्या. कपडा चढवला की पट्टा चढला. कुणाला विसरायची सोयच नको.

मामा फोनवर होता, त्यामुळे हे सगळं ती माझ्याकडे बघून बोलली. आणि मला ‘मास्टर’ म्हणाली. कॉलेजात दोन वर्षं मला रोल नंबरशिवाय कुणी हाक मारली नव्हती.

मी म्हणालो, झालं समजा.

सव्वीस तारखेला त्यांचे सेफ्टी ऑफिसर येऊन चाचणी घेणार. पास झाली तर टोळीतल्या बत्तीसही जणांना नवीन डांगऱ्या. नापास झाली तर पुन्हा तोच गुंता.

संकल्प: चाचणी पास झाली की त्याच दिवशी, तिथल्या तिथे, तिला मनातलं सांगायचं. तोवर अवाक्षर नाही.

३ मार्च, मंगळवार
अर्धवट सोडलेलं इंजिनिअरिंग अखेर कामाला येतंय. सोडलं म्हणजे मी सोडलं, काढलं नाही कुणी. सरांनी भर वर्गात विचारलं, तुझं डोकं कुठंय? मी म्हणालो, तुमच्यापेक्षा दोन मजले वर. आणि बाहेर पडलो. आई अजून म्हणते, जाऊन माफी माग. सरांनी मागितली तर मी देईन. माझ्या मनात काही नाही.

दुपारपर्यंत डिझाइन तयार. नाव: गरुड-१. पट्टा डांगरीच्या आतून, कापडावर चार ओळी शिलाई मारून पक्का.

काकूंनी कागद बघितला. काकू म्हणजे कारखान्यातल्या पहिल्या मशीनवरच्या. तीस वर्षं त्याच मशीनवर, त्याच खुर्चीत. म्हणाल्या, अरे, कापडाला शिवलास तर कापड फाटलं की पट्टाही गेला. नेफा कर आणि त्यातून पट्टा ओव, नाडीसारखा, एकसलग. ओझं पट्ट्यावर येऊ दे, कापड आपलं नुसतं सोबतीला.

मी हसलो. मी विसाव्या मजल्याबद्दल बोलतोय, काकू पायजम्याबद्दल. पण त्या वयानं मोठ्या आहेत, म्हणून तोंडानं काही बोललो नाही. फक्त हसलो. जरा मोठ्यानं.

५ मार्च, गुरुवार
मापाचा प्रश्न. नमुना तिच्या मापाचा हवा. पण टेप घेऊन तिच्यासमोर उभं राहायचं या नुसत्या कल्पनेनं मी टेप परत ड्रॉवरमध्ये टाकला. शेवटी स्वतःचंच माप घेतलं. उंची आमची साधारण सारखीच. टाचा उचलल्या तर तंतोतंत.

९ मार्च, सोमवार
गरुड-१ तयार. दोन सुया मोडल्या. काकूंच्या मशीनच्या होत्या.

दुपारी चाचणी. कारखान्यामागच्या अंगणात लोखंडी तुळई आहे. ऐंशी किलो वाळूचं पोतं डांगरीत भरलं, दोर तुळईला बांधला, पोतं दोन फुटांवरून सोडलं.

निकाल: डांगरी जागच्या जागी राहिली. हे मुद्दाम नमूद करतो, कारण इथले लोक फक्त वाईट तेवढं बघतात. पोतं खाली आलं.

खाली मामाची स्कूटर होती. मामा म्हणाला, झकास, आता माणसांना घरी बसवा आणि डांगऱ्यांनाच वर पाठवा. सगळ्या मशीन थांबल्या. बायका दहा मिनिटं हसत होत्या. मी उलट उत्तर देणार होतो, पण वाळू तोंडात गेली होती.

१० मार्च, मंगळवार
कारण सापडलं. दोरा हलका होता. माझ्या डिझाइनमध्ये खोट नाही. स्कूटरमधून वाळू काढण्यात दिवस गेला.

११ मार्च, बुधवार
ती आली! काम कुठवर आलंय म्हणाली. फाटलेली गरुड पाठीमागे लपवून मी म्हणालो, नव्वद टक्के. तिनं विचारलं, सव्वीसला नुसतं पोतं लटकवणार की माणूसही? ऑफिसरसाहेब माणसाशिवाय पास करत नाहीत.

मी म्हणालो, मी स्वतः लटकणार.

निघून गेलं तोंडातून. वरच्या फळीवरचा कापडाचा तागा काढायला स्टुलावर चढलो तरी मला गरगरतं. पण ते पित्तामुळे. भीतीचा संबंध नाही.

ती काही क्षण माझ्याकडे बघतच राहिली. ती नजर! संध्याकाळी काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, अरे, चालत्या गाडीपुढून कुणी धावत गेला की आपण असंच बघतो.

त्यांना या विषयातलं कळत नाही. काकांशी लग्न घरच्यांनी ठरवलेलं.

१२ मार्च, गुरुवार
गरुड-२. चारच्या जागी आठ ओळी शिलाई, भारी दोरा. स्कूटर आधी हलवली.

या वेळी कापड फाटलं नाही. पट्टाच तुटला. पोस्टाची तिकिटं भोकांवरून फाटतात तसा, सरळ रेषेत. काकूंनी दोन्ही तुकडे उजेडात धरून बघितले. म्हणाल्या, एवढी भोकं पाडल्यावर ती चाळण झाली, पट्टा कुठला राहतोय? माणसाचा जीव यावर टांगायचाय, बाळा.

मी चिडून म्हणालो, मग तुम्हीच करा. त्या हो म्हणाल्या. या वाक्याला हो म्हणायचं नसतं, एवढं साधं त्यांना कळू नये?

१३ मार्च, शुक्रवार
कामावर गेलो नाही. निषेध. आईनं विचारलं, बरं नाही का? मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न आहे. मग तत्त्व बसल्या बसल्या लसूण सोलू दे, म्हणाली. सोलला.

१६ मार्च, सोमवार, सकाळी
युरेका! आंघोळ करताना सुचलं. पट्टा कापडाला शिवायचाच नाही! आतून नेफा करायचा आणि पट्टा त्यातून ओवायचा. एकसलग, भोक न पाडता. इतकी सोपी गोष्ट आजवर कुणाच्या डोक्यात कशी आली नाही?

धावत जाऊन काकूंना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, वा म्हणाल्या आणि ड्रॉवरमधून एक तयार डांगरी काढली. आत नेफा, नेफ्यात पट्टा.

दोन माणसांना एकच गोष्ट एकाच वेळी सुचते, असं विज्ञानाच्या इतिहासात अनेकदा घडलंय.

पोतं तीनदा सोडलं. तिन्ही वेळा हवेत थांबलं, किंचित झुललं. अंगणात टाळ्या. मी मान लववून स्वीकारल्या. नाव: गरुड-३.

काकूंनी मागच्या बाजूला न विचारता एक झडप केलीय. कमरेखाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत चेन. विचारलं तर म्हणतात, ज्याला लागेल त्याला कळेल. बहुधा हवेसाठी. राहू दे, कल्पना वाईट नाही.

१९ मार्च, गुरुवार
भाषण लिहिलं. चार पानं. दुपारी कापून दोन केली. संध्याकाळी पुन्हा चार झाली.

संकल्प: (१) सव्वीसपर्यंत कुणावरही चिडायचं नाही. (२) रोज स्टुलावर पाच मिनिटं उभं राहायचं.

२० मार्च, शुक्रवार
(१) मामावर चिडलो. (२) स्टूल डुगडुगतं.

२५ मार्च, बुधवार
आईला म्हणालो, उद्या मोठा दिवस आहे. आई म्हणाली, मग बनियन तरी धुतलेला घाल. आयांना कशाचंच गांभीर्य नसतं.

२६ मार्च, गुरुवार
जमेल तसं लिहितोय. मांड्या दुखतायत.

दहाला ऑफिसर आले. ती आली. टोळीतल्या चौघी जणी आल्या. पोत्याची चाचणी पास. ऑफिसर म्हणाले, आता माणूस. सगळे इकडे तिकडे बघायला लागले, आणि मग सगळे माझ्याकडे.

डांगरी चढवली. एक मिनिट दहा सेकंद. ती घड्याळ लावून होती, खूश झाली. शिडी चढलो. डोळे मिटलेले, एकाग्रतेसाठी. पाठीवरच्या कडीत दोर अडकवला. शिडी काढली.

लटकलो! धरलं! पहिली चार मिनिटं मी खरोखर गरुड होतो.

मग डावी मांडी टोचायला लागली. सांगितलं. मग उजवी. मग काखेत. मग मानेपाशी शिलाईचं टोक. आणि ती खाली वही घेऊन उभी, मी बोलेन ते सगळं लिहून घेत होती. शब्दन् शब्द! आयुष्यात माझं बोलणं कुणी असं ऐकलेलं नाही. आई तर मी बोलत असताना कुकर लावते.

तेवढ्यात ऑफिसरनी विचारलं, ही मागची झडप कशासाठी? डिझाइन माझं, म्हणून मीच वरून उत्तर दिलं. हवा खेळती राहण्यासाठी.

चौघींपैकी एक हसता हसता खालीच बसली.

मग काकू पुढे आल्या. म्हणाल्या, साहेब, संडासला जायचं तर बाईनं खांद्यापासून सगळी डांगरी सोडवत बसायचं का? त्या कटकटीपायी पोरी दिवसभर घोटभर पाणी पीत नाहीत. उन्हात वर घेरी येते ती त्यानं. आता पट्टा जागेवर राहतो, चेन तेवढी उघडायची.

ऑफिसर खाली बघायला लागले. तिनं काकूंचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, सहा वर्षांत हे आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. हे तुम्हाला कुणी सांगितलं? काकू म्हणाल्या, सांगायला कशाला हवं?

मग त्या दोघी बोलत राहिल्या. नेफा, चेन, मापं, दोरा. बराच वेळ. मी वर होतो.

ऑफिसर म्हणाले, पास.

पास! संकल्पाची वेळ. भाषणाची चारही पानं माझ्या शर्टात, शर्ट डांगरीत, डांगरी पट्ट्यात. म्हणून तोंडीच सुरुवात केली. म्हणालो, मला काही सांगायचंय. तिनं लगेच वही उघडली. अजून कुठं टोचतंय? मी म्हणालो, आत. डाव्या बाजूला. खोल.

तिनं लिहिलं: छातीचा पट्टा, डावीकडे, एक इंच सैल करणे.

२७ मार्च, शुक्रवार
तिला कळलंय. चारचौघांत दुसरं काय लिहिणार बिचारी?

काकूंनी छातीचा पट्टा एक इंच सैल केला.

३० मार्च, सोमवार
काकूंनी स्वतःहून सांगितलं. ती म्हणे माझी चौकशी करत होती! त्या मुलाच्या घरी कोण कोण असतं, हे विचारलं!

मी आईला कपाट आवरायला सांगितलं. कारण सांगितलं नाही. आनंदानं जेवण गेलं नाही. दुसऱ्यांदा वाढलेलं तर अजिबातच नाही.

२ एप्रिल, गुरुवार, दुपारी
लेखी ऑर्डर आली. बत्तीस डांगऱ्या. सोबत तिच्या अक्षरातलं पत्र, मामाच्या नावानं. काम मास्टरांच्याच देखरेखीखाली व्हावं. मास्टर म्हणजे काकू.

पुढे एक अट. डांगऱ्या प्रत्येकाच्या मापाच्या, तेव्हा धाडण्याआधी दर गुरुवारी तयार झालेल्या सगळ्या जिवंत माणसाला घालून दहा दहा मिनिटं लटकवून बघाव्यात. पोतं कुठं टोचतंय ते सांगत नाही, तुमचा भाचा सांगतो. थांबतच नाही. त्याचा उपयोग होईल.

खाली एक फॉर्म. वर छापलंय: लटकणारी व्यक्ती. त्याखाली: अपघात झाल्यास घरी कुणाला कळवावे.

चौकशी झाली ती यासाठी.

मामानं आईचा नंबर आधीच भरला होता.

२.५०
माझा निर्णय झालाय. राजीनामा. इंजिनिअरिंगची दोन वर्षं मी काही पोत्याच्या जागी लटकायला केली नाहीत. भाषण पडून होतं, त्याच्याच कोऱ्या बाजूवर लिहिलं. कडक झालंय. ‘स्वाभिमान’ तीनदा आलाय. मामाच्या टेबलावर ठेवणार, एक शब्द न बोलता निघणार, आणि दार असं आपटणार की सगळ्या मशीन थांबल्या पाहिजेत.

३.१५
मामानं वाचला. म्हणाला, अक्षर सुधारलंय.

३.२५
अंगणातून आवाज येतोय. ती आलीय. काकूंनी पास झाल्यापासूनच शिवायला घेतलेल्या, या आठवड्याच्या सात डांगऱ्या आहेत. सात गुणिले दहा, सत्तर मिनिटं. सत्तर मिनिटं ती मान वर करून माझ्याकडे बघणार, वही घेऊन.

राजीनाम्यावर तारीख घातलेली नाही. तो कधीही चालेल.

३.३०
हाक आली. लटकणारा तयार आहे का? पहिली डांगरी अंगावर चढवलीय. कुणा भल्या दांडग्याच्या मापाची आहे, बाह्यांतून बोटं दिसत नाहीत, लिहायला त्रास होतोय. पण दार आपटायचं ठरलंय ते आपटणारच. शब्द तो शब्द.

बाहेर येऊन उभ्यानं लिहितोय. जिवाच्या आकांतानं ओढलं. दार आपटू नये म्हणून वरती तो तेलाचा दांडा बसवलाय, माझ्या लक्षात नव्हतं. दार मध्यावर थांबलं, जरा विचार केल्यासारखं केलं आणि मग सावकाश, अगदी सावकाश, आवाज न करता मिटलं.