साडेसोळा इंची चाकं

हॉलस्टाड फार्म, नॉर्थ डकोटा
१४ एप्रिल २०१९

प्रिय अँडर्स,

कसा आहेस? इकडे आम्ही ठीक. बर्फ गेला, चिखल आला. मॉमचा खोकला थांबला. डॅडचा गुडघा होता तसाच आहे, आणि कसा आहे विचारलं की ते अजूनही "आहे" एवढंच म्हणतात. चर्चच्या जेवणाला यंदाही सगळ्याजणी ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याचा हॉटडिशच घेऊन आल्या आणि एकमेकींना विचारत होत्या, "अय्या, तू काय घातलंस गं यात?" थोडक्यात, काही बदललेलं नाही.

तुझा पत्ता मॉमकडून घेतला. तू नाताळला तिला कार्ड पाठवतोस ना, त्याची पाकिटं तिने शिवणाच्या डब्यात ठेवलीत. सगळीच्या सगळी.

आता मुद्द्यावर येते. मी मोटरहोम शेडमधून बाहेर काढतेय. हो, तीच आपली बहात्तर सालची. पत्र घडी करून ठेवू नकोस, पुढे वाच.

तिसऱ्या दिवशी इंजिन सुरू झालं! मी कार्बुरेटर उघडला, उंदराचं घरटं काढलं, नवा पेट्रोल पंप बसवला, किल्ली फिरवली, तर आधी ती खोकली, मग शिंकली आणि मग चक्क गुरगुरायला लागली. मी शेडमध्ये एकटीच नाचले. तुला नाही तर दुसऱ्या कोणाला सांगू? इथे कोणाला कार्बुरेटरचं कौतुक नाही.

घोडं अडलंय ते टायरांपाशी. सहाही चाकं साडेसोळा इंची, आणि उरलेल्या टायरांना एवढ्या भेगा की बोट जातं आत. ऑर्विल ट्वाइट आठवतो? गावातला टायरवाला, डावा कान वाकडा. तो अजून दुकानात बसतो. त्याला माप सांगितलं तर हसत सुटला.

"साडेसोळा? पोरी, ते माप बंद पडलं तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते."

"मग सोळाचे घाल की. अर्ध्या इंचाने काय बिघडतं?"

त्याने चष्मा काढला. म्हणाला, "अर्ध्या इंचाने माणूस जातो. टायर रिमवर छान बसल्यासारखा दिसतो, हवा भरायला घेतली की तोंडावर फुटतो. असलं काम मी करणार नाही. दुसरा कोणी करतो म्हणाला, तर जायच्या आधी आईला भेटून जा."

म्हणजे नुसते टायर नाही, चाकंच बदलायची. सोळा इंची रिम, आठ भोकांचे. पुढे एकेक चाक, ते सोपं. मागे दोन्ही बाजूंना जोडीजोडीने चाकं, तिथे रिमला नेमकी खोली हवी, नाहीतर शेजारशेजारचे टायर एकमेकांना घासतात. हे सगळं मला तीन आठवड्यांपूर्वी माहीत नव्हतं. आता मी झोपेतसुद्धा सांगेन.

डावीकडून सुरुवात केलीय. उजवी बाजू नंतर. पण डावीकडचे नट हलतच नाहीत. पान्याला लांब पाइप लावून जोर दिला तर नट राहिला बाजूला, दोन बोल्टच तुटले. तू कसे काढायचास रे? डॅडना विचारलं नाही. ते शेडकडे फिरकतच नाहीत.

हे सगळं कशासाठी, तेही लिहून टाकते. जूनमध्ये मॉम साठ वर्षांची होते. तिने अजून समुद्र बघितलेला नाही. त्या वर्षी समुद्राला म्हणून निघालो आणि मोंटानातूनच परत आलो. मला तिला समुद्रापर्यंत न्यायचंय. आणि समुद्राकाठी तू आहेस. आपण चौघं एका टेबलावर बसावं एवढंच मला हवंय.

तुझी,
सिग्ने


६ मे

प्रिय अँडर्स,

तुझं कार्ड आलं!!

अकरा वर्षांनी माझ्या नावाने एक ओळ, आणि काय ओळ! "खारुताई, डावीकडचे नट उलटे फिरतात. जोर लावणं आधी थांबव." खाली सही पण नाही.

मी धावत शेडमध्ये गेले, पाना उलटा फिरवला, आणि नट असा निघाला की जणू माझीच वाट बघत होता. डाव्या चाकांना उलटे आटे! कोणाच्या डोक्यातून निघालं हे? मी आठवडाभर एकेक नट काढायच्या नावाखाली आणखी घट्ट करत बसले होते. ऑर्विलला सांगितलं तर तो म्हणाला, "उफ् दा! या गाड्यांवर प्रत्येक नव्या माणसाचे दोन बोल्ट तुटतातच. ती फी आहे." माझी फी भरून झाली.

कार्ड मी फ्रिजवर लावलं. मॉम फ्रिजमधलं दूध घ्यायला गेली ती तिथेच उभी. दूध घेतलंच नाही, दार उघडंच. डॅडनी पण वाचलं. चष्मा वर करून, जवळ जाऊन. मग म्हणाले, "हे तर मला माहीत होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

बघ! बदललेत का?

पण ऐक, दुसऱ्या दिवशी ते घडीची खुर्ची घेऊन शेडमध्ये आले. बसले. तासाभराने म्हणाले, "जॅक फ्रेमखाली लाव, अ‍ॅक्सलखाली नको." आता रोज येतात. कॉफीचा थर्मास पण आणतात, माझ्यासाठी वेगळा कप असतो. मला वाटतं तू पाठवलेली ती ओळ माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त लागली.

मागच्या चाकांनी मात्र रडवलं. पहिले आणलेले रिम बसवले तर दोन्ही टायर चिकटले. ऑर्विल वाकून बघतो आणि म्हणतो, "चर्चच्या बाकावर दोन जाड बहिणी बसल्यात बघ. मधून वारा जायला नको का?" दोघांच्या मध्ये माझा हात सपाट जायला हवा होता, इथे कागदसुद्धा जात नव्हता. सगळं परत काढलं. मग जेम्सटाउनच्या भंगारात एक जुना धान्याचा ट्रक सापडला. त्याची चाकं सोळाची, भोकं आठ, खोली जास्त. बसवली, हात घातला, आरपार गेला! डॅडनीही घातला. काढून नुसती मान हलवली. त्यांच्याकडून ते म्हणजे बँडबाजाच.

पुढची दोन झाली, मागची डावी जोडी झाली. मागची उजवी राहिलीय.

डॅड चार दिवस विचारतायत, "उजवी कधी?"

"उद्या."

"काल पण उद्याच होती. भूतबीत आहे का तिकडे?"

"गांधीलमाशा आहेत," मी म्हटलं.

त्यांनी चाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. गांधीलमाशा काही नाहीत तिथे, अँडर्स. तुला माहितेय मी का टाळतेय. किंवा तुला माहीत असेल असं मी अकरा वर्षं धरून चाललेय.

मॉमने आंबटगोड रुबार्बचा पाई भाजलाय. तुझ्या वाटणीचा तुकडा मी खाल्ला. पुढच्या वेळी नाही खाणार.

तुझी,
सिग्ने


२ जून

प्रिय अँडर्स,

हवापाणी आज राहू दे.

उजवी जोडी काढली. बाहेरच्या रिमवर अपघाताच्या दिवशीच्या टायरच्या चिंध्या तशाच लोंबत होत्या. तो टायर फुटला आणि आपण खड्ड्यात गेलो, ते सगळ्यांना माहितेय. आतला टायर मात्र बाहेरून धड दिसत होता. ऑर्विल मदतीला घरी आला होता. त्याने तो आतला टायर रिमवरून उतरवला, तर आतून काळी भुकटी पडली. किती, सांगू? बादलीभर. रबर आतल्या आत दळून निघालं होतं. आणि एक खिळा, बोटाएवढा.

ऑर्विल म्हणाला, "हा बसला होता आधीच. साठ-सत्तर मैल तरी रिकामा पळालाय. दोघांचं ओझं बाहेरच्या एकट्यावर पडलं, तो बिचारा फुटला." मग त्याने खिळा डॅडच्या हातात दिला आणि सहज म्हणाला, "निघायच्या आधी कोणी हातोडी मारून बघितली असती तर लगेच कळलं असतं."

डॅड खुर्चीत होते. म्हणाले, "ठोकून बघायचं काम अँडर्सचं होतं."

आणि मी बोलले. मला वाटलं होतं आधी पाणी पिऊन, नीट शब्द जुळवून बोलेन. तसं काही झालं नाही. तोंडातून निघालंच, "नाही. अँडर्सने ते मला सांगितलं होतं."

मग सगळं सांगितलं. तुलाही सांगते, कारण तुला अर्धंच माहितेय. मोंटानातल्या ग्लेंडाइव्हच्या कॅम्पमधली सकाळ. तू पाण्याचा पाइप गुंडाळत होतास. तू मला ती लाकडी हातोडी दिलीस आणि म्हणालास, "खारुताई, सहा चाकं, सहा ठोके. खणखणीत वाजलं तर चांगलं, मेल्यासारखं वाजलं तर मला हाक मार." मी पाच ठोकली. सहावं उजवीकडचं आतलं, त्यासाठी हात खांद्यापर्यंत आत घालायला लागायचा, आणि तिथे दोन गांधीलमाशा फिरत होत्या. दोनच. मी हातोडी नेऊन जागेवर ठेवली. तू विचारलंस, "सहाही?" मी म्हटलं, "सहाही."

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये डॅडना स्ट्रेचरवरून नेत होते. त्यांनी तुला म्हटलं, "तुला एकच काम होतं." तू माझ्याकडे बघितलंस. मी मशीनमधून घेतलेली बिस्किटं खात होते. बारा वर्षांची मुलगी अशा वेळी बिस्किटं का खाते ते मला अजून कळलेलं नाही. मग तू त्यांना म्हणालास, "हो. राहून गेलं."

मला वाटलं, तू एक-दोन दिवसांनी सांगशील. मग वाटलं, मीच सांगेन. ऑगस्टमध्ये तू बॅग घेऊन निघालास, मी खिडकीतून बघितलं, खाली आले नाही. त्यानंतर प्रत्येक नाताळला ठरवायचे, पाई खाऊन झाला की सांगू. दर वेळी कोणीतरी कॉफी ओतायचं आणि विषय बदलायचा.

ऑर्विल कधी निघून गेला कळलं नाही. डॅड खिळा हातात फिरवत होते. त्यांनी विचारलं, "किती वर्षांची होतीस?"

"बारा."

"गाडी कोण चालवत होतं?"

"तुम्ही."

"मग," ते म्हणाले, "उतरून बघायला मला काय झालं होतं?"

ते उठले आणि चालत सुटले. काठी न घेता. पत्रपेटीपर्यंत, अर्धा मैल, खडीवरून, त्या गुडघ्याने. मी मागे निघाले तर मॉमने माझा दंड धरला. "जाऊ दे त्याला," म्हणाली. मग मला म्हणाली, "तुला पण मी नंतर बघते." आणि तसाच दंड धरून मला जवळ घेतलं. तिने मला अजून बघितलेलं नाही. बहुतेक जवळ घेतलं तेच असावं.

डॅड परत आले, घामाने भिजलेले. स्वयंपाकघरात बसले. मॉमने कॉफी दिली. त्यांनी अर्धा कप संपवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला लिहितेस ना तू? विचार, सत्तावीस फुटी गाडी लावायला त्याच्याकडे जागा आहे का."

मॉम त्यांना म्हणाली, "बस्स? एवढंच?"

डॅडनी जरा विचार केला. "उतार आहे का तेही विचार."

मॉम आधी हसली, मग तोंडाला अ‍ॅप्रन लावून बाहेर गेली. मी तिथेच बसले. ते त्यांच्या भाषेत काय होतं ते तुला मी समजावून सांगायची गरज नाही. तू त्यांचा मुलगा आहेस.

उजवी जोडी काल बसवली. सहाही चाकं सोळाची, सहाही नवीन टायर. हवा मी मोजली, मग डॅडनी मोजली, मग मी पुन्हा. नट शंभर मैलांवर थांबून परत आवळायचेत. डावे उलटे, उजवे सुलटे. आम्ही १८ जूनला निघतोय. मी चालवणार, डॅड शेजारी, मॉम मागच्या खिडकीत. तिने आत्ताच पडदे धुतलेत.

अँडर्स, मी माफी मागते. तू लगेच काही म्हणायची घाई करू नकोस. अकरा वर्षं तुझी गेलीत, एका पत्राने ती भरून निघणार नाहीत. तू रागावशील, तर रागाव. तुला तो हक्क आहे, आणि या वेळी राग तू माझ्यावर काढ, गिळू नकोस. "येऊ नका" म्हणालास तर किनारा लांबलचक आहे, मॉमला समुद्र आम्ही दुसरीकडून दाखवू आणि तुझ्या दारावर टकटक करणार नाही. पण "या" म्हणालास तर फक्त जागेचं कळव. उतार असला तर चाकाखाली लावायला ठोकळे डॅडनी कापून ठेवलेत. चार पुरले असते, आठ कापलेत.

जिच्यासाठी तू गप्प राहिलास
आणि जी आता गप्प राहणार नाही ती,
सिग्ने