तोंड मिटलं, तान चालूच

३ फेब्रुवारी, वसमत
वन्संना पुसून काढलं, वेणी घातली. खुबा मोडल्यापासून ह्यांची ही बहीण माझ्याकडेच.
सुनेने फोनवर तो सिनेमा शोधून दिला. संगीत नाटकाचा. लग्नाआधी हे त्या नाटक कंपनीत होते. सिनेमात दूताचं एक पद ह्यांचं. मी ते पाहिलेलंच नाही. इथे तंबूत सिनेमा आला तेव्हा नेमका त्या पदाला आमचा तान्हा नंदू वन्संच्या मांडीवर किंचाळून रडला. ह्यांनी मला म्हटलं, बाहेर ने. आत लोक 'वन्समोर' ओरडत होते, मी बाहेर पोर थोपटत.
ह्यांनी घरात पुन्हा सूर लावला नाही. "तुला कुठं ऐकायचं असतं." मरेपर्यंत हेच. सहा वर्षं झाली जाऊन.

४ फेब्रु.
अर्धा पाहिला. राजवाडा म्हणजे रंगवलेला पडदा, वाऱ्याने खांब हलतात. राजाच्या मिशीचा डिंक दिसतो. वन्संना दिसत नाही, नुसतं ऐकतात. "दादा कवा येतो?"

५ फेब्रु.
आले. हातात भाला, उजवी भुवई वर. चहा मागताना व्हायची तशी. मी रडले. बोटाने मागे सरकवून पुन्हा लावलं. माझा वन्समोर.
तिसऱ्यांदा दिसलं. तोंड मिटलं, तान चालूच.
हा गळा ह्यांचा नाही. गोरेगावला मला पाहायला आले तेव्हा आमच्या ओसरीवर गायले होते. खालच्या सुराला खरखर होती. त्या खरखरीला मी हो म्हटलं होतं. हा तर तुपासारखा आवाज, कुणाचा तरी.

६ फेब्रु.
वन्संना विचारलं. हिरड्या दाखवून हसल्या.
"आता कळलं व्हय वैनी? दादाचा आवाज पिच्चरवाल्यांनी ठिवलाच न्हाई. दुसऱ्याचा चिकटवला."
"मग मला काहून नाही सांगितलं?"
"गावाला थाप मारता येती. तुमाला आवाज बराबर वळकू आला असता. म्हनून दादा म्हनला, पद आलं की लेकराला चिमटा काढ."
आणि खोकला येईपर्यंत हसल्या.

७ फेब्रु.
तंबूतून आल्यावर नंदूच्या मांडीवर लाल डाग होता. मुंगी चावली समजून हळद लावली होती मी.
घरात गायले नाहीत ते रागाने नव्हे. थाप उघडी पडेल म्हणून. आणि दोष माझ्या

१० फेब्रु.
रोज दुपारी सिनेमा लावते. पद आलं की फोन घेऊन अंगणात जाते.
"वैनी, दादा आला न्हाई का?"
"आला होता. लेकरू रडून राहिलं होतं, बाहेर नेलं."
आज चौथा दिवस. आज त्या रडल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१२ फेब्रु.
अंघोळ करताना ह्यांचा आवाज आठवायला गेले. येत नाही. तो तुपकटच येतो.
वन्संना कसं कळलं कोण जाणे. म्हणाल्या, "दादा खरा कसा म्हनायचा ते मला हुबेहूब येतं. खरखरीसकट."
मी हातातलं ताट खाली ठेवलं. "म्हणा."
"आधी पिच्चरमधलं पुरतं ऐकवा."
"आधी तुम्ही."
"मग राहू द्या."

१५ फेब्रु.
वन्संना दोन दिवस ताप. डॉक्टर म्हणाले, छाती भरलीय, सांभाळा. आवाज बसत चाललाय. बोलल्या की शिट्टी वाजते.
आता उशाशी बसून लिहिते आहे. फोन मांडीवर. दूत दाराशी आलाय, तिथेच थांबवलाय. भुवई वर.
वन्संनी ओठ उघडले. ओला आवाज आला, सूर की नुसता श्वास, कळलं नाही. मी वाकले.
"आधी तुमी," म्हणाल्या.
बोट काचेवर आहे.