सात गुंड्यांचा डोंगर

३ जानेवारी
पोचलो एकदाच्या. छकुली खेचरावर बसून आली राणीसारखी आणि मी मागून धापा टाकत. खेचरवाला दादा म्हणाला, ताई, पोरीचं वजन पिठाच्या गोणीपेक्षा कमी भरेल, पण गोणी एवढी बडबड करत नाही. हसून हसून माझं पोट दुखलं.

खोली एकच आहे पण पक्की. दगडी भिंती, वर पत्रा, एक पलंग, शेगडी, टेबलावर फोन आणि फोटो पाठवायचं यंत्र. खिडकी समोर डोंगराकडे. दार मागे, पायवाटेकडे. गाव त्या वाटेनं चार तास खाली.

मोजणीवाल्या साहेबांनी ही वही दिलीय. तारीख, वेळ, उजेड का धुकं, एवढंच लिहायचं. माझी शाळा चौथीपर्यंत, पण तेवढं लिहूनही पान उरतंच. मग म्हटलं आपलंही लिहावं. छकुलीचे बाबा बोटीवरच्या कामावरून सहा महिन्यांनी येतील तेव्हा वाचतील. पोरीला घेऊन कोणी कामावर ठेवत नव्हतं. इथे ती दिवसभर माझ्याजवळ. आणखी काय पाहिजे.

५ जानेवारी. बारा वाजता. उजेड.
काम सोपं आहे. समोरच्या कड्याला चिरा पडल्यात, आणि त्याच्या पायथ्याशी मोठा रस्ता आहे. कडा सरकतो का ते कळावं म्हणून त्याच्यावर चुन्याचे सात गोल काढलेत, आत एक ते सात आकडे. एकेक गोल दाराएवढा आहे म्हणतात. इथून सदऱ्याच्या गुंड्या दिसतात. छकुली गुंड्याच म्हणते.

बाहेर कट्ट्यावर तीन भोकं आहेत. त्यात तिपाईचे पाय बसवायचे, वर कॅमेरा, रोज बाराला एक फोटो. ऑफिसात आजचा फोटो कालच्या फोटोवर ठेवून बघतात. गोल केसभर हलला तरी रस्ता रिकामा करायचा.

फोटो काढताना मी गमतीनं डोंगराला म्हटलं, हलू नको हं. तेव्हापासून छकुलीनं तेच धरलंय. बोट वर करून मास्तरणीसारखी म्हणते, हलू नको!

७ जानेवारी. बारा. उजेड.
दादा रसद घेऊन आला. माझ्याआधी इथे एक काका होते, अकरा वर्षं. गुडघे गेले म्हणून खाली गेले. दादाच्या हाती त्यांनी निरोप धाडला. धुकं असलं, ताप असला, काही असलं तरी एक दिवस चुकवायचा नाही. नुसतं बटण दाबायचं नाही, कॅमेऱ्यातून डोळा लावून बघायचं. कोणी बघतंय म्हटल्यावर कडा जागेवर राहतो म्हणे. मी म्हटलं, म्हणजे वर्गातल्या पोरासारखा. दादा हसला नाही. काकांनी सांगितलं ते तुम्हाला सांगितलं, एवढंच बोलून खेचर वळवलं.

९ जानेवारी. बारा. धुकं.
हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत. भिंतीला धरून कट्ट्यापर्यंत गेले. कॅमेऱ्यात सगळं पांढरं. तरी डोळा लावला, बटण दाबलं. फोटो बघून हसू आलं. दुधाच्या पातेल्याचा काढला असता तरी असाच आला असता.

१० जानेवारी. बारा. धुकं.
तसंच. छकुली शिंकतेय.

११ जानेवारी. बारा. धुकं.
खोटं लिहिलंय. बाराला मी बाहेर गेलेच नाही. छकुली तापानं फणफणलीय, मांडीवरून उतरायला तयार नाही, उतरवलं की रडून लाल. यंत्रात कालचा फोटो होता. तोच परत पाठवला. पांढऱ्यावर पांढरं, कोणाला कळणार? ऑफिसातून फोन आला, मिळाला म्हणाले. छातीवरचा धोंडा उतरला.

१२ जानेवारी. बारा. धुकं.
ताप उतरला, छकुलीनं बटाटा खाल्ला. बाहेर गेले, डोळा लावला. धुक्यात चौथा गोल दिसला. गुंडीएवढा नव्हता. ताटाएवढा. डोळा काढला तर नुसतं धुकं. परत लावला तर गोल तिथेच. भिंगावर दव बसलं असेल. पुसलं. पुसूनही तेवढाच.

१३ जानेवारी. बारा. धुकं.
गोल परातीएवढा. आतला चारचा आकडा स्पष्ट. चुन्याचे ओघळ पण दिसले.
साहेबांना फोन केला. कडा सरकलाय म्हटलं. ते म्हणाले, कुठे सरकलाय, तुमचा आजचा फोटो समोर आहे, छान ऊन पडलंय, सातही खुणा जागच्या जागी. मी म्हटलं, साहेब, इथे पाच दिवस ऊन नाही. मग ते म्हणाले,
"बाई, पोरीला घेऊन कड्यावर कशाला चढलात? चौथ्या गोलापाशी बसलेल्या दिसताय दोघी. उतरा आधी."
मी खोलीत होते. छकुली माझ्या पायाशी डब्याची झाकणं वाजवत होती. मी विचारलं, मी तिकडे आहे तर फोटो कोणी काढला? तोवर फोनमधून नुसती खरखर यायला लागली. ती अजून तशीच आहे.

१४ जानेवारी. बारा. धुकं.
दादा यायचा वार होता. आला नाही.
छकुलीला पाठीशी बांधून वाटेनं निघाले. नोकरी गेली खड्ड्यात. वीस पावलं गेले. वाट संपली. जिथे उतार होता तिथे दगड. उभा, ओला, हात पुरत नाही एवढा उंच. डावीकडे चाचपत गेले, दगड. उजवीकडे दगड. हात बघितले. पांढरे झाले होते.
चुना.
कॅमेरा तिपाईसकट उचलून आत आणला.

१५ जानेवारी. सकाळ.
एक कळलं. फोटो काढला की डोंगर सरकायचा थांबतो. खिडकीतून काढला, सगळं गप्प. थोड्या वेळानं परत घासल्याचा आवाज, जात्यासारखा. परत काढला, परत गप्प. आधी दिवसाला एक पुरत होता. आता तासाला एक.
एक दिवस चुकवला मी. एकच.
कॅमेऱ्याला ऊन लागतं चार्ज व्हायला. ऊन नाही. दोन रेघा उरल्यात.

१५, दुपार.
छकुली विचारते बाहेर कधी जायचं. म्हटलं, गुंड्या मोजून झाल्या की. खिडकीकडे बघून तिनं मोजल्या. एक. म्हणाली, आई, एकच मोठ्ठी गुंडी.
खिडकी सगळी पांढरी. धुकं नाही ते.

१६. सकाळ.
पुढून काढते फोटो, आणि मागून—
दार उघडत नाही. दोन्ही खांद्यांनी ढकललं. दाराच्या फटीतून गार वारा यायचा तो पण येत नाही.
खिडकीचा काढला की दाराकडे घासतं. दाराचा काढला की खिडकीकडे. टेबल हातभर पुढे आलंय. मी नाही सरकवलं.

१६.
एक रेघ.
छकुलीच्या बाबा, वही सापडली तर. मी पोरीसाठीच केलं. ताप होता हो तिला. तिला टाकून कशी गेले असते बाहेर.

१६, अजून उजेड आहे.
कॅमेरा बंद पडला.
बघितलं तरी चालतं. नुसत्या डोळ्यांनी. पापणी हलवायची नाही. पण दोन बाजू आणि मी एकटी.
म्हणून दोघी पाठीला पाठ लावून बसलोय. मी खिडकीकडे, ती दाराकडे. तिला सांगितलं खेळ आहे, दाराकडे बघायचं, बोलत राहायचं. बोलतेय गुणी लेक माझी. हलू नको. हलू नको.
वहीकडे न बघता लिहितेय. ओळ वाकडी जात असेल.

गप्प आहे सगळं. चाललंय. असंच बसू. ऊन येईल. एक दिवस तर यायचंच—

तिची झोपायची वेळ झाली

छकुली बोल. गाणं म्हण. बाबा काय आणणार बोटीवरून सांग
म्हणतेय. हळू म्हणतेय
तिचं डोकं माझ्या पाठीला लागलं. जड झालं
छकुली
मागे वळले तर समोरचं— नाही वळले तर—
चिमटा काढला. हं म्हणाली. झोपेतच म्हणतेय, हलू नको, हलू न