काटा वीसवरच!

१२ जानेवारी १९३८

चुकली! आजही चुकली! आमी बडनेरा स्टेशनच्या फाटकात, अन् अकोल्याची पॅसेंजर डोळ्यांदेखत निघाली. सात टोपल्या वांगी, चार टोपल्या मेथी, सगळं परत आणून अमरावतीच्या बाजारात मिळेल त्याले देऊन टाकलं. अकोल्याच्या अडत्याचा निरोप तं आधीच आला हाये — आणखी एकदा चुकली की हिवरखेडचा माल घेईन.

चूक कोणाची? माझ्या सासऱ्याची! मामाजी मोटारीत पुढं बसतेत, यांच्या शेजारी, अन् रस्ता पाहतच नाईत. नजर सगळी वेगाच्या काट्यावर. इंग्रजी आकडे त्यांले दोनच येतेत, दोन अन् शून्य. काटा विसाच्या पुढं सरकला की ओरडलेच — "उत्तम! हळू!" बावीस मैल असे! मी मागं उघड्या हौदात टोपल्यांवर बसून दात-ओठ खाते.

१३ जानेवारी

मामाजींनी जाहीर केलं — "अजून एक डाव गाडी चुकली तं मोटार विकून टाकीन. बैल काय वाईट होते?"

बापासमोर यांच्या तोंडाले कुलूप! दीड वर्ष बापाच्या मागं लागून ही मोटार घेतली, अन् आता ती चालली. जेवलेही नाईत. मले वाईटही वाटलं अन् रागही आला.

१५ जानेवारी

सापडलं! काटा मैल मोजतच नाई. तो चाकाच्या फेऱ्या मोजते! चाक मोठं केलं तं एका फेरीत मोटार जास्त जाते, अन् त्या बापड्या काट्याले पत्ताही नाई! सातवीतलं परिघाचं गणित, बापा. मास्तर म्हणत, पोरींले याचा काय उपयोग!

यांले सांगितलं. "बह्याड झाली का तू?" म्हणाले. मंग पाहते तं काय — सुतळी घेऊन चाक मोजत बसलेले.

१८ जानेवारी

मामाजी दोन दिवस मोझरीले आश्रमात गेले. आमी लगेच बडनेऱ्याले, ओमप्रकाश मिस्त्रीकडं. म्हटलं, कंपनीचे टायर उतरवा अन् मोठे चढवा. तो डोकं खाजवत म्हणे, "भाभी, माल भरेगा तो मडगार्ड घिसेगा." मी म्हटलं, मंग ठोका पत्रा! ठोकला. वरून स्प्रिंगले एक पट्टा वाढवला. मोटार चांगली चार बोटं उंच झाली, अन् दिसते बी झोकात! चारी चाकांले चिखल फासून घरी आणली. नवं रबर दिसाले नको.

२१ जानेवारी

काटा वीसवर. मामाजी खूश. अन् बाभळी मात्र सपासप मागं पळून राहिल्या! स्टेशनात पोचलो तेव्हा गाडीले पाच मिनिटं बाकी. मामाजी यांले म्हणाले, "पाह्य! सावकाश चाललं की सगळं वेळेवर होते."

म्या पदर तोंडात कोंबला. यांले खोकल्याची उबळ आली.

२४ जानेवारी

पोचलो.

२७ जानेवारी

पोचलो! अडत्यानं दुप्पट वांगी मागितली.

३० जानेवारी

भानगड झाली. मामाजींले मोटारीत चढता येईना. पायरीवर पाय टेकवला, गुडघा काही वर येईना, पाय परत खाली. आठ-दहा दिवसांपासून त्यांले जड जाऊन राह्यलं होतं, पण बोलले नाईत. यांनी हात दिला तं झटकून टाकला. शेवटी लाकडाचा ठोकळा ठेवला, तेव्हा चढले.

पायरीही चार बोटं उंच झाली ना! हे आमच्या दोघांच्याही डोक्यात कसं नाई आलं?

४ फेब्रुवारी

मामाजींसाठी डिंकाचे लाडू केले. हे रोज त्यांच्या गुडघ्यांले तेल चोळून देतेत. मामाजी म्हणतेत, "पोरांनो, लय करता माझ्यासाठी." आमी दोघं खाली पाहतो.

६ फेब्रुवारी

मामाजींनी बोलावलं अन् कोठीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "सूनबाई, पाय गेले म्हणजे सगळं गेलं. आता तूच पाह्य." एवढा दणकट माणूस! मेथीचे वाफे एकटा खुरपणारा! मी परसात जाऊन रडली. त्यांचे पाय ठणठणीत हायेत. म्या त्यांले म्हातारं केलं.

यांले म्हटलं, टायर उतरवा.

"अन् गाडी चुकली तं? मोटार जाईन."

जाऊ द्या!

७ फेब्रुवारी

उतरवले. पट्टाही काढला. ओमप्रकाश म्हणे, "भाभी, मन पक्का करके आया करो."

८ फेब्रुवारी

मामाजींनी पायरीवर पाय ठेवला अन् टुणकन आत! स्वतःच थक्क. दोनदा उतरले, दोनदा चढले. ठोकळा लाथेनं उडवला. "सूनबाई! तुझे लाडू!" किल्ली तिथंच परत मागून घेतली! मले एवढं हलकं वाटलं की काय सांगू.

पण काटा वीस, म्हणजे खरोखरचे वीस. गाडी चुकली. डब्बे डोळ्यांसमोरून चालले, अन् मी टोपलीची कड धरून उभी — आता म्हणतीन, विका. मामाजी रुळाकडं पाहत राह्यले, पाहत राह्यले. मंग यांच्याकडं वळले —

"उत्तम, तुले हाकताच येत नाई. उद्यापासून मले शिकव."

९ फेब्रुवारी

शिकवणी सुरू. आमचं कुंपण गेलं.

१३ फेब्रुवारी

शेजारचंही गेलं.

२८ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा मामाजींनी बडनेऱ्यापर्यंत हाकली. काटा पस्तिसावर! हे शेजारी डोळे मिटून राम-राम करून राह्यले, मी मागून ओरडून राह्यली — "मामाजी, हळू!" स्टेशनात अजून सिग्नलही पडला नव्हता. मामाजी उतरले, चाकांभोवती एक चक्कर मारली, एकाले पायानं ठोकरलं.

"उत्तम, हे टायर लहान पडतेत. मोठे लाव."