नदीपलीकडचा दवाखाना

आई, तू गेलीस तेव्हा मी पुण्याला एका हॉस्पिटलच्या ऑफिसात नोकरी करत होते. आता सिंगापुरात असते. जुरोंग ईस्टला आमच्या संस्थेचं ऑफिस आहे. इथे आम्ही देणग्या गोळा करतो आणि झांबियातल्या आडगावांत छोटे दवाखाने चालवतो, गरिबाला परवडेल अशा फीमध्ये. दवाखाना कुठे उघडायचा, कुठला हलवायचा, हे बघणं माझं काम. त्यातला एक गेल्या आठवड्यात मी हलवायला लावला, आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय.

तो दवाखाना नदीच्या पलीकडे आहे. दोन खोल्या, छपरावर सोलर पॅनल, लशी ठेवायला लहानसा फ्रिज, आणि सगळं एकटीने सांभाळणारी नर्स. पावसाळ्यात नदी फुगली की गावाचा संपर्क तुटतो. देणग्या आटल्यावर तेवढ्या एका वस्तीसाठी दवाखाना चालवणं जड जायला लागलं. तोच नदीच्या अलीकडे, डांबरी रस्त्याच्या फाट्यावर आणला तर आजूबाजूच्या कितीतरी गावांची सोय होणार होती. मी हे सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं, आई. त्यात चूक सापडत नाही. अजूनही सापडत नाही.

शेवटचा निर्णय व्हायच्या आधी मी गावात गेले. नर्सनेच तसं सांगितलं होतं. फोनवर म्हणाली, "मला पुढेही याच लोकांत राहायचंय. हे माझ्या तोंडून कशाला? तुम्ही येऊन सांगा." दवाखान्याच्या भिंतीच्या सावलीत सभा भरली. मी इंग्रजीत बोलतेय, नर्स त्यांच्या भाषेत सांगतेय, माणसं शांतपणे ऐकताहेत. मग एक म्हातारी उठली. तिची थोरली मुलगी बाळंतपणात गेली होती, दवाखाना होण्याआधी. धाकटी याच दवाखान्यात सुखरूप मोकळी झाली, आणि आता तिला पुन्हा दिवस गेले होते. म्हातारीने विचारलं, "नदी भरलेली असताना हिची वेळ आली तर?" मी सांगितलं की फाट्यावर आम्ही एक खोली बांधणार आहोत, दिवस भरत आले की बायकांनी आधीच येऊन तिथे राहायचं. नर्सने ते सांगितलं. म्हातारी म्हणाली, "आणि घरच्या लेकराला तोवर कोण जेवू घालणार? मला तर डोळ्यांनी दिसत नाही." मी नर्सकडे पाहिलं. तीही माझ्याकडेच बघत होती.

मला त्या क्षणी आपलं जव्हारकडचं क्वार्टर आठवलं. तुझ्या आरोग्य उपकेंद्राला लागून असलेली ती एवढीशी खोली, आणि रॉकेलचा स्टोव्ह, ज्यावर तू आधी सुया उकळायचीस आणि मग चहा टाकायचीस. सुट्टीत मी तुझ्याबरोबर पाड्यांवर यायचे, लशींचा डबा तुझ्या खांद्याला. एकदा चढावर माझे पाय दुखायला लागले आणि मी म्हटलं, "गरज त्यांना आहे ना? मग त्यांनी खाली यावं." तू तिथल्या तिथे थांबलीस. "परत असं बोललीस तर घरी बसायचं," एवढंच म्हणालीस, आणि वर पोचेपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. पण आई, पुढे माझ्या शाळेसाठी तूच तालुक्याच्या गावी बदली मागून घेतलीस. आपण निघालो त्या दिवशी पाड्यावरच्या बायका एसटीपाशी आल्या होत्या. त्यांतल्या एकीने विचारलं, "आता दुसऱ्या बाई कधी येणार?" तू म्हणालीस, "येतील." गाडी सुटली तेव्हा तू पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघत होतीस. तिथे कितीतरी दिवस कोणी आलं नाही, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तू त्याबद्दल एक अक्षर बोलली नाहीस. मीही विचारलं नाही.

सभा संपल्यावर गावच्या मुखियाने आभार मानले. दवाखाना होता तोवर आमची माणसं वाचली, म्हणाला, आणि एक कोंबडी माझ्या हातात दिली. ती विमानातून आणता येणार नव्हती, म्हणून नर्सने रांधली. मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर ती मला वाढत राहिली आणि मी मान खाली घालून जेवत राहिले. त्यांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

सिंगापुरात परत आल्यावर बिशानमधल्या आमच्या घरी, जेवताना, तुझ्या नातीने तिच्या इथल्या इंग्रजीत विचारलं, "सो यू क्लोजिंग इट, इज इट?" मी म्हटलं, "बंद नाही गं, हलवतोय." ती म्हणाली, "फॉर देम सेम लाह," आणि ताट उचलून आत गेली.

मीटिंगमध्ये मी म्हातारीचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. आमच्या डायरेक्टरबाई ऐकून अस्वस्थ झाल्या. म्हणाल्या, आणखी एक वर्ष तिथेच चालवून बघूया का? तसं केलं असतं तर फाट्याचा दवाखाना वर्षभर लांबला असता, आणि त्या गावांतही गरोदर बायका आहेतच. ठरलं ते असं: दवाखाना हलवायचा, नर्सने आठवड्यातून एकदा होडीने पलीकडे जायचं. नदी भरलेली असताना होडी जात नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्या धाकटीचे दिवस ऐन पावसात भरतील. तिला आधीच अलीकडे आणा, असं मी नर्सला कळवलंय. तिचं उत्तर आलेलं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तेवढं सांगून टाकते. डायरेक्टरबाई वर्षभर थांबूया म्हणाल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं की माझी आई अशाच आडगावात नर्स होती आणि तिनेही हाच निर्णय घेतला असता. विषय तिथेच मिटला. तू काय केलं असतंस, मला माहीत नाही.